शेंदराखालचं जस्त

नरहरराव बेंबळीकर दगड चाटत असत.

हे मी अलंकारिक बोलत नाही. भररस्त्यात, दिवसाढवळ्या, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेला पन्नाशीचा सायन्स मास्तर खडीच्या ढिगापाशी उकिडवा बसायचा, एक खडा उचलायचा, कोटाच्या बाहीला पुसायचा आणि जिभेचं टोक त्याला लावायचा. मग तो ओला खडा उन्हात धरून निरखायचा आणि "छे, आपलाच" म्हणून टाकून द्यायचा. दगड ओला केला की त्याचा खरा रंग दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मग पाणी का नाही लावत, असं मी एकदा विचारलं. "पाणी दर वेळी जवळ असतं का? जीभ असते," ते म्हणाले.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या वर्षी मी धाराशिवच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो. माझं घर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. देवळात घंटा आपल्यालाच वाजवावी लागते, शाळेत निदान ती शिपाई वाजवतो, एवढाच विचार करून मी ही नोकरी धरली होती. पहिल्याच दिवशी हेडमास्तर मला शाळा दाखवायला घेऊन निघाले, तर आवारात नव्या बांधकामाच्या खडीपाशी हे गृहस्थ जीभ काढून बसलेले.

"हे आमचे सायन्सचे बेंबळीकर," हेडमास्तर म्हणाले. "घाबरू नका. चावत नाहीत, चाटतात."

नरहरराव उठले, हात झटकले आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "मराठीचे का तुम्ही? वा वा. मग पंडित, मला एका शब्दाची तकलीफ आहे. शायबा. ह्याला मराठीत काय म्हणाल?"

मला शायबा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, एखाद्या वस्तूत दुसऱ्याच वस्तूचं नखभर, नखाच्याही नखभर असणं. मी म्हटलं, अंश. "अंश मोठा झाला." लेश. "लेश कोरडा आहे हो." मग छटा म्हणा. "छटा दिसते, पंडित. शायबा दिसत नाही. नुसता असतो." माझी जेवायची सुट्टी संपली. पुढं कित्येक वर्षं मी त्यांना शब्द देत राहिलो आणि गिऱ्हाइकानं किडकी वांगी परत करावीत तसे ते मला परत करत राहिले.

त्यांचं सगळं सायन्स उर्दूतलं. हैदराबादेत शिकले, सायन्ससुद्धा उर्दूतून. तिथंच एका सरकारी खनिज खात्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं दगड तपासत बसले. ते दिवस सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. उंच खिडक्या, काचेच्या नळ्या, भट्टीवरची ऊब, आणि दगडाची पूड ज्योतीत धरली की ज्योतीचा बदलणारा रंग. तिथले त्यांचे उस्ताद, एक म्हातारे मौलवीसारखे दिसणारे केमिस्ट, दिवसभरात फार तर दोन वाक्यं बोलायचे आणि त्यातलं एक "शायबा बघा" असायचं. मग संस्थानाचं मर्जर झालं, हैदराबाद भारतात विलीन झालं. खातं कुठं कुठं वाटलं गेलं. एक दिवस टेबलावर एक कागद आला, त्यावर नरहररावांचं नाव आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या एका शाळेचं नाव होतं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. एक वळकटी आणि चार ट्रंका घेऊन ते धाराशिवला उतरले. ट्रंका उचलणाऱ्या हमालानं एक उचलून लगेच खाली ठेवली म्हणतात. चारींतही दगड होते.

वर्गात ते मूलद्रव्याला उन्सुर म्हणत आणि घनतेला कसाफत. इन्स्पेक्टर आले तेव्हा सगळा वर्ग एका सुरात "कसाफत!" म्हणाला, आणि इन्स्पेक्टरांनी वहीत काय लिहिलं ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

मी त्यांच्या शेजारीच खोली घेतली होती. एका किराणावाल्याच्या माळवदाच्या घरात पुढं मी, मागं ते, आणि मध्ये धान्याची एक खोली, बिनखिडकीची, भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये अशी. एका रविवारी जेवून मी आडवा झालो होतो. नरहरराव दारात उभे.

"फुरसत आहे?"

मला जगात एकाच गोष्टीचा खरा नाद आहे, तो म्हणजे दुपारची झोप. पण ते आधीच माझ्या उशीवरचं डोकं धरून उठवायच्या बेतात होते. मला त्या अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी दार लावून घेतलं. ज्वारीच्या पोत्यांचा गोडसर, धुळकट वास. "डोळे मिटा. आता हळूहळू उघडा. बोलू नका." मग खर्र असा आवाज झाला, आणि त्या काळोखात एक नारिंगी रेघ उमटली. क्षणभर जगली आणि विझली. पुन्हा खर्र, पुन्हा रेघ. काडी नाही, ठिणगी नाही, चटका नाही. जणू दगडाला झोपेत कुणी हाक मारली आणि त्यानं एक डोळा उघडला.

बाहेर आल्यावर त्यांनी तो दाखवला. मधाच्या रंगाचा, पेरूएवढा, चकाकत्या फटींचा दगड. चाकूच्या टोकानं ओरखडला की उजेड देणारा. उस्तादांनी निरोप देताना हातात ठेवलेला.

"स्फॅलराइट," नरहरराव म्हणाले. "ह्या नावाचा अर्थच मुळी फसवा. खाणीतले लोक ह्याला बघून फसत. कधी हा मधासारखा, कधी लाल, कधी कोळशासारखा काळा. पण काळ्यालासुद्धा बशीच्या खरखरीत तळावर घासा, रेघ फिकट पिवळी येते. रंग बघू नये, रेघ बघावी. जस्ताचा फत्तर आहे हा, जस्त आणि गंधक. पण आता जो उजेड पाहिलात तो जस्ताचा नव्हे. तो शायब्याचा. निखळ जस्ताचा फत्तर असता तर अंधारात मुकाट बसला असता."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि पुढं शंभरदा सांगितलं. मला ते दर वेळी ऐकावंसं वाटे, अर्धं झोपेत. पृथ्वीच्या पोटात खोल कुठंतरी पाणी तापतं. ते खारट, कढत पाणी खडकांच्या भेगांतून वर निघतं. वाटेत जे भेटेल ते विरघळवून सोबत घेतं. वर येता येता निवतं, आणि निवताना एकेकाला सोडत जातं. शिसं इथं बसतं, तांबं तिथं, जस्त आणखी कुठं. ही कधीची गोष्ट, तर माणूस नव्हता, झाड नव्हतं, आपला बालाघाटचा डोंगर नव्हता. "आता त्या पाण्यात काही बारीक बारीक मंडळी असतात," ते म्हणत. "कॅडमियम, इंडियम, गॅलियम, जर्मेनियम. ह्यांची संख्याच इतकी थोडी की ह्यांना स्वतःचा फत्तर बांधता येत नाही. मग कुठं राहायचं? जस्ताच्या घरात. जस्त मोठ्या मनाचं. म्हणतं, बस की कोपऱ्यात. आणि गंमत अशी पंडित, की कोण कोपऱ्यात बसलंय त्यावरून कळतं तो फत्तर कुठल्या गावचा, पाणी किती कढत होतं, कुठल्या वाटेनं आलं. मालकाला विचाराल तर काही सांगणार नाही. बिऱ्हाडकरू सगळं सांगतो."

त्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडकरूवर त्यांची माया होती. इंडियमची पूड ज्योतीत धरली की ज्योत निळीच्या रंगाची होते. गॅलियम तळहातावर ठेवला की वितळतो. "आपल्या इथल्या उन्हाळ्यात तर तो डबीतच पाणी होऊन बसेल बिचारा." आणि ही चिमूट उद्या जगाला इतकी लागेल की देश देशांशी भांडतील, असं ते छातीठोक सांगत. आम्ही स्टाफरूममध्ये माना डोलवत असू आणि चहा मागवत असू.

माणसांनाही ते ह्याच मापानं मोजत. "हेडमास्तर नव्व्याण्णव हिस्से हेडमास्तर आहेत. पण एकटे असले की बासरीचे सूर गुणगुणतात. तो त्यांचा शायबा." आमच्या शिपायात त्यांना कुणा सरदाराचा शायबा दिसे, कारण तो घंटेचा टोला कधीच घाईनं देत नसे. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुम्ही आळसाचा फत्तर आहात, पंडित. पण शायबा बरा आहे, म्हणून तुमच्याकडं येतो." त्यांचा स्वतःचा कोणता, हे मी विचारलं नाही. खरं तर तेव्हा सुचलंच नाही.

महाराष्ट्र झाला त्यानंतर दोनेक वर्षांत गावातल्या डॉक्टरांनी सोलापूरहून ट्रान्झिस्टर आणला. वायर नाही, खांब नाही, हातातल्या डबीतून गाणं. बघायला सगळा बाजार लोटला. नरहरराव गर्दी बाजूला सारत पुढं गेले आणि डबीला हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, मेहेरबानी करा. झाकण काढा." डॉक्टर म्हणाले, का बरं? "आत जर्मेनियम आहे. जस्ताच्या फत्तरातलं. अठरा वर्षं काम केलं, पण ते कामाला लागलेलं कधी बघितलं नाही." डॉक्टरांनी डबी छातीशी धरली ती सोडली नाही. नरहरराव तिथंच पायरीवर बसले आणि बातम्या, बाजारभाव, कीर्तन सगळं संपेपर्यंत ऐकत राहिले. त्यांना कीर्तनाचं काही पडलेलं नव्हतं. येताना मला म्हणाले, "कुठलं कुठं पोचलं बघा पोर."

आता तामलवाडीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे.

तामलवाडी म्हणजे तुळजापूरहून सोलापूरच्या वाटेवरचं गाव. तिथं गावाबाहेर एका शेताच्या बांधावर लिंबाखाली शेंदराचा म्हसोबा आहे. पिढ्यांपूर्वी मिठाची पोती बैलांवर लादून लमाणांचा तांडा मेवाडाकडून आला. त्यात एका बैलावर हा देव होता. बैल इथं बसला तो देव उतरवल्याशिवाय उठेना, म्हणून देव इथं राहिला, अशी गावात गोष्ट सांगतात. नरहरराव तिथं कुणाच्या तरी लग्नाला गेले असताना त्यांना शेंदराच्या एका उडालेल्या टवक्याखाली काहीतरी काळसर, चकाकतं दिसलं. आमच्याकडचा काळा फत्तर असा चकाकत नाही. आणि मेवाडात जस्ताच्या जुन्या खाणी आहेत, हे त्यांना पाठ होतं.

ते लग्नातून परत आले ते तापलेलेच. "पंडित, तो स्फॅलराइट आहे! बैलावर बसून आलाय!"

पण देवाला खरवडणार कसं? आमच्याकडं शेंदूर आणि तेल देवावर चढत राहतं, वर्षानुवर्षं थर साचत जातो, आणि एक दिवस ते कवच आपोआप गळून पडतं. देवानं कवच टाकलं म्हणतात, मोठा आनंद करतात. पण कुणी ते उचकटायचं नाही. पुजाऱ्याच्या घरचा असल्यानं हे मीच त्यांना समजावलं. तेव्हा त्यांनी शांतपणे ठरवलं, की वाट बघायची.

दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं ते तामलवाडीला जाऊ लागले. शेत गोदाआत्यांचं होतं. गोदाआत्या म्हणजे साठीच्या विधवा, हाडापेरानं भक्कम, जिभेनं त्याहून. मुलगा भानुदास शेती बघायचा आणि त्या देव बघायच्या. दर रविवारी शहरातून एक मास्तर येतो, देवासमोर तास तास टक लावून बसतो, हे बघून गावात त्यांचं नाव झालं. एवढा भाव कुणाच्या अंगी न्हाय, लोक म्हणू लागले. आणि मग व्हायचं तेच झालं. अशा थोर भक्ताला पहिला मान द्यायला नको? गोदाआत्यांनी शेंदराची वाटी त्यांच्या हातात दिली.

म्हणजे ज्या दगडाचं दर्शन व्हावं म्हणून हा माणूस वर्षाचे बावन्न रविवार एस.टी.चे धक्के खात होता, त्याच दगडावर दर रविवारी स्वतःच्या हातानं एक थर चढवत होता. मी हसून हसून लोळलो. "अहो, नाही म्हणा!"

"आत्या वाटी हातात देतात हो. नाही कसं म्हणणार? आणि हिशेबानं बघा, थर जड झाला की लवकर पडेल."

असं सहा वर्षं चाललं.

मीही कधीकधी जाई. देवापेक्षा गोदाआत्यांच्या हातच्या भाकरीसाठी आणि लिंबाखालच्या घोंगडीसाठी. दुपारचा वारा ज्वारीतून सळसळत यायचा, मोटेचा आवाज लांबून कुठूनतरी. मी डोळे मिटून पडायचो आणि मला वाटायचं, खाली, फार खाली ते कढत पाणी अजून चाललंय. त्या अर्धवट झोपेत नरहररावांचं आणि आत्यांचं भांडण कानावर यायचं, कारण ती दोघं सतत भांडत.

"मास्तर, काय बघायलाव इतकं? द्याव काय पळून चाललाय?"

"बघू द्या हो आत्या."

"आन ही भाकर कुनासाठी सोडली? धा कोस येताव आन चिमनीगत खाताव."

"पोट भरलं."

"पोट न्हाय भरलं, ध्यान न्हाय. खावा गुमान."

ते मान खाली घालून खायचे. शाळेत आठ मास्तरांना न जुमानणारा हा माणूस तिथं गुमान खायचा.

इकडं त्यांनी पत्रं लिहायला घेतली होती. मोठ्या सरकारी खनिज कचेरीला. पत्रं मराठीत मी लिहून द्यायचो, त्यातले उर्दू शब्द ते पुन्हा घालायचे. ट्रॅपच्या, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्या, मुलखात एक जस्ताचा फत्तर आहे, तो मेवाडातून आला असावा, त्यातला शायबा तपासला तर नेमक्या कुठल्या खाणीतून आला ते कळेल, लमाणांची वाट कळेल. पाच वर्षं उत्तर नाही. सहाव्या वर्षी आलं. एक अधिकारी सोलापूरच्या दौऱ्यावरून परतताना अमुक रविवारी तामलवाडीला थांबतील. नमुना अस्सल असला तर तो प्रयोगशाळेत हलवण्यात येईल. आणि असल्या कामाचा माणूस तिथं हवा आहे, तेव्हा आपणही सोबत येण्याच्या तयारीनं असावं.

नरहररावांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "प्रयोगशाळा म्हणजे खिडक्या असतीलच, नाही?" त्यांनी कोटाला इस्त्री करून आणली. ट्रंका झाडल्या. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्या आठवड्यात त्यांना मी एकदाही दगड टाकून देताना पाहिलं नाही. फक्त एक काळजी होती, कवच अजून अंगावरच होतं.

शनिवारी संध्याकाळी भानुदास धावतपळत खोलीवर आला. "मास्तर! काल देवानं कवच टाकलं! आई म्हनली, मास्तराच्या हातानं आंगुळ घालायची. तवर कुनी हात लावनार न्हाय."

रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही गेलो. लिंबाखाली निम्मं गाव जमलेलं. कवच एका टोपलीत नव्या खणावर ठेवलं होतं, चार बोटं जाड. आणि बांधावर तो बसला होता, गुडघ्याएवढा, काळा, तांबूस झाक मारणारा. उन्हात त्याचे पैलू लखलखत होते. नरहररावांनी घागर घेतली आणि हळूहळू पाणी घातलं. मी अगदी मागं उभा होतो म्हणून मला दिसलं. पुसायच्या निमित्तानं त्यांनी खिशातला बशीच्या तळाचा तुकडा काढला आणि देवाच्या मागल्या अंगाला, जमिनीलगत, अलगद घासला. तुकडा मुठीत लपवून माझ्याकडं वळवला. फिकट पिवळी रेघ.

जन्मात एवढा एकच दगड असेल, जो त्यांनी चाटला नाही.

तेवढ्यात सडकेवरून जीपचा आवाज आला.

गोदाआत्यांना जीपचं काही नव्हतं. त्या देवापुढं बसल्या होत्या, पदरानं त्याच्या अंगावरचं पाणी टिपत होत्या आणि त्याच्याशीच बोलत होत्या. "उगडा पडला रं माज्या बापा. वारं लागायलं का? मास्तर, शेंदूर लावा की वो बिगीबिगी. किती येळ उगडा ठिवायचा?" त्यांनी वाटी पुढं केली.

नरहररावांनी सडकेकडं पाहिलं. जीप थांबली होती, टोपीवाला एक तरुण साहेब उतरत होता, मागं ड्रायव्हर पहार आणि गोणपाट काढत होता. मग त्यांनी आत्यांकडं पाहिलं.

त्यांनी दोन्ही हात वाटीत बुडवले आणि लावायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर, भराभर. "नरहरराव, थांबा," मी कानाशी लागून म्हटलं, "साहेब बघतील, मग लावा." त्यांनी ऐकलं नाही. सहा वर्षं वाट पाहून दिसलेला दगड साहेब बांध चढून येईपर्यंत टाचेपासून माथ्यापर्यंत लाल झाला होता.

"बेंबळीकर आपणच ना?" साहेब म्हणाले. "नमुना कुठं आहे?"

नरहरराव उभे राहिले. हात कोपरापर्यंत शेंदरानं माखलेले, इस्त्रीच्या कोटावर ओघळ. "साहेब, माफी असावी. नजरचूक झाली. हा ट्रॅपच आहे. आपलाच काळा फत्तर."

"रेघ काढून पाहिलीत?"

"पाहिली. नाही उमटली."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. "चार पानी पत्र लिहिलं होतं हो तुम्ही. मी तीस मैल वाकडी वाट केली."

"वय झालं साहेब. डोळे दगा देतात."

"मग प्रयोगशाळेतल्या त्या जागेचं..."

"हो. ते समजलं."

साहेबांनी आत्यांनी दिलेलं दूध घेतलं, देवाला एक नमस्कार केला आणि जीप निघून गेली.

विहिरीवर हात धुताना मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. मला राग आला होता, आणि का कोण जाणे रडूही येत होतं. "खोटं का बोललात? नुसतं म्हणायचं होतं, देव आहे, नेऊ नका!"

"एकदा कागदावर चढला की नेतात, पंडित. आज नाही तर दहा वर्षांनी. कागद आला की विचारत नाहीत, तुला इथं कोण आहे म्हणून." ते हात चोळत राहिले, शेंदूर निघत नव्हता. "मला कागद आला तेव्हा हैदराबादेत मला कुणीच धरून ठेवलं नाही. धरायला कुणी नव्हतंच. ह्याला आहे. ह्याला वारं लागतंय म्हणून जीव तुटणारं माणूस आहे. तो कुठल्या खाणीतला हे कळून काय करू मी?"

मी घागर उचलली आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतू लागलो.

जेवायला बसलो तेव्हा आत्यांनी एकदाही भांडण काढलं नाही. हे नवलच. मग भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "त्यो सायब द्याव न्याया आलता न्हवं?"

नरहरराव म्हणाले, "हो."

"आन तुमाला बी."

"हो."

"म्या पयल्या दिसापासनं वळखलंय, मास्तर. तुमी द्याव बघाया न्हाय यायलाव, फत्तर बघाया यायलाव. म्हून तर वाटी तुमच्याच हातात द्यायचे. थर चढत ऱ्हायला तर कवच टिकंल. कवच पडलं की तुमचं काम झालं, तुमी येनार न्हाय. मंग आयतवारी म्या कुनाशी भांडू?"

नरहररावांचा घास हातातच राहिला. "ही भाकर तेवढी खावा," आत्या एकदम चिडून म्हणाल्या आणि उठून चुलीकडं गेल्या. त्यांनी ती खाल्ली, आणि मग आणखी एक मागून घेतली.

संध्याकाळच्या गाडीला मी एकटाच आलो. एस.टी.च्या थांब्यावर त्यांनी माझ्या हातात घडी घातलेला एक कागद दिला, उद्या हेडमास्तरांना द्या म्हणाले. सोमवारी हेडमास्तरांनी तो उघडला. रजेचा अर्ज होता, एक दिवसाचा, शुद्ध मराठीत, शेंदराचा अंगठा उमटलेला. बेंबळीकरांनी त्या शाळेत आजवर एकदाही रजा मागितलेली नव्हती. रजेचं कारण म्हणून आम्ही सगळे जे लिहितो तेच त्यांनी लिहिलं होतं. घरगुती.

"घरगुती?" हेडमास्तर म्हणाले. "ह्यांना कुठलं आलं घर?"

"तामलवाडीला आहे," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि सही केली. मग अर्ज पुन्हा एकदा वाचून म्हणाले, "एकच दिवस लिहिलाय. पुरेल का हो त्यांना?"